भंगारातलं जुनं बेंच ड्रिल पुन्हा चालू करताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

बेळगावात उद्यमबाग आणि मच्छेच्या बाजूला फाउंड्री आणि मशीन शॉप इतकी आहेत, की जुनं अर्धा इंची बेंच ड्रिल (टेबलावर ठेवून भोकं पाडायचं मशीन) कुठे ना कुठे विकायला निघालेलं असतं. बीड ओतून केलेलं, दणकट, दिसायला गंजकं. नवीन हलक्या पत्र्याच्या ड्रिलपेक्षा ते कितीतरी चांगलं काम देतं, फक्त एका अटीवर: स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) आणि क्विल (स्पिंडलला पोटात धरून वरखाली होणारी नळी) धड असले पाहिजेत. गंज निघतो, रंग लागतो, मोटार बदलता येते. क्विल ज्या भोकात वरखाली होते ते भोक खाल्लं असेल, तर मात्र घरच्या घरी काहीच करता येत नाही.

म्हणून घेतानाच तपासा. एखाद्या ओळखीच्या टर्नरकडून मॅग्नेटिक बेससह डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) मागून न्या. क्विल सुमारे 50 मिमी खाली ओढा, बेस टेबलावर बसवा, डायलचं टोक चकच्या (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यांच्या भागाच्या) बाहेरच्या अंगाला टेकवा आणि चक हाताने पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे दाबा. काटा 0.05 मिमीच्या आत हलला तर डोळे झाकून घ्या. 0.1 च्या आसपास असेल तर चालवून घेता येईल. 0.2 च्या पुढे गेला तर दुकानदाराशी भावाची घासाघीस न करता निघून या, फार तर सुट्या भागांसाठी म्हणून घ्या. काही मशीनच्या हेडला बाजूने चीर आणि आवळायचा बोल्ट असतो, तिथे थोडी झीज बोल्ट आवळून काढता येते. सरळ गोल भोक असेल तर उपाय एकच, भोक मोठं करून बुश (आतली बाही) बसवणं, आणि त्या खर्चात दुसरं मशीन येतं.

मशीन कुठून आलं हेही विचारा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यातल्या शेडमधलं असेल तर गंज खोल असतो, कॉलमला खड्डे पडलेले असतात. कोरड्या अथणी-चिकोडीकडच्या मशीनवर गंज कमी, पण धूळ घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतलेली. आणि फाउंड्रीतून निघालेलं असेल तर सगळ्यात जास्त सावध राहा. मोल्डिंगची वाळू तेलात मिसळली की क्विलवर पॉलिश पेपर फिरल्यासारखी झीज होते. असं ड्रिल वरून चकचकीत दिसतं आणि आतून ढिलं असतं.

सुटं करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विशेषतः बेल्ट, स्प्रिंगचं घर आणि मोटारीच्या वायरींचे. मग क्रम असा ठेवा.

प्लग काढा. बेल्ट काढा, मोटार उतरवा. मशीन दोघांनी मिळून उचला, हेड मोटारीसह जड असतं आणि गुरुत्वमध्य वर असतो. टेबल ढिलं करण्याआधी खाली लाकडी ठोकळा लावा. बऱ्याच जुन्या मशीनवर टेबलाला रॅक (दात्यांची पट्टी) नसतो, हँडल सैल केलं की टेबल थेट पायावर येतं.

चक काढताना हातोडी मारू नका. क्विल खाली आणली की बाजूला लांबट खाच दिसते. स्पिंडल फिरवून क्विलची खाच आणि स्पिंडलमधली खाच समोरासमोर आणा, ड्रिफ्ट (चपटी पाचर) घाला आणि हलकी थाप द्या. आर्बर (चकला स्पिंडलशी जोडणारा दांडा) मोर्स टेपरचा म्हणजे ठरावीक मापाच्या शंकूचा, बहुतेक वेळा एमटी-2, असतो. चक पडू नये म्हणून खाली गोणपाट ठेवा. खाच नसेल तर चक सरळ स्पिंडलच्या शंकूवर बसलेला आहे; तो चक आणि स्पिंडलच्या खांद्यामध्ये दोन पाचरा समोरासमोर ठोकून काढतात.

रिटर्न स्प्रिंग हा सगळ्यात धोक्याचा भाग. ती हेडच्या डाव्या अंगाला गोल डब्यात असते आणि ताणलेली असते. लॉक नट एकदम काढलात तर डबा गरकन फिरून बोटं कापतो. डबा पकडीने घट्ट धरा, नट अर्धा ढिला करा, डबा बाहेर ओढून खाचेतून सोडवा आणि ताण संपेपर्यंत हळूहळू उलटा फिरू द्या. किती फेरे सुटले ते मोजून लिहून ठेवा, बसवताना उपयोगी पडतं. यावेळी जाड हातमोजे घाला. ड्रिल चालवताना मात्र हातमोजे कधीच नाहीत, फिरता चक हातमोज्याला धरून हात ओढतो.

स्प्रिंग उतरली की पिनियनचा (क्विल वरखाली करणाऱ्या दातेरी चाकाचा) दांडा बाहेर येतो, आणि त्याच क्षणी क्विल खाली घसरते. एक हात खाली ठेवा. मग स्पिंडलच्या वरच्या टोकाचा सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) किंवा कॉलर काढून स्पिंडल क्विलमधून बाहेर काढायचा. लोखंडी हातोडी नको, पितळी पट्टी मध्ये ठेवून ठोका. वरच्या टोकाला स्प्लाइन (लांबीत कोरलेले दाते) असतो, त्याचे दात एकदा दाबले गेले की पुलीच्या बुशमध्ये अडकतात.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. क्विलमध्ये बहुतेकदा 6201, 6202, 6203 किंवा 6204 यांपैकी दिसतात. 6202 म्हणजे आतलं भोक 15, बाहेरचा व्यास 35, जाडी 11 मिमी. 6203 म्हणजे 17, 40 आणि 12. 6204 म्हणजे 20, 47 आणि 14. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने मापं घेऊन दुकानात सांगा. शेवटची अक्षरंही सांगा: झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबरी. बेळगावातल्या धुळीच्या शेडसाठी टूआरएस घ्या, वेग एवढा कमी आहे की रबराच्या घर्षणाचा त्रास होत नाही. चांगल्या कंपनीचं, पक्क्या दुकानातूनच घ्या. नकली बेअरिंग पाकिटावरून ओळखू येत नाही, मशीन चालू झाल्यावर आवाजावरून कळतं.

बसवण्याचा नियम एकच आहे, पण तो मोडला की नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतं: जी रिंग घट्ट बसते आहे तिच्यावरच दाब. दांड्यावर चढवताना आतल्या रिंगवर, क्विलमध्ये घालताना बाहेरच्या रिंगवर. उलटं केलं की दाब गोळ्यांतून जातो, गोळ्या फिरतात त्या वाटांना बारीक खड्डे पडतात आणि नंतर स्पिंडल फिरवताना दाणेदार खडखड लागते. योग्य व्यासाचा पाइपाचा तुकडा आणि व्हाइस एवढ्यावर काम होतं. स्पिंडल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर बेअरिंग आणखी सहज चढतं; नंतर ओलसरपणा पुसून काढा.

आता गंज. पायासाठी, टेबलासाठी आणि ब्रॅकेटसाठी दोन उपाय सोपे. एक, लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला 50 ते 100 ग्रॅम, काही तास. दर तासाला काढून ब्रशने घासा, रात्रभर सोडू नका, बीड काळवंडून पोखरली जाते. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, ताबडतोब कोरडं करून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो.

दुसरा उपाय इलेक्ट्रोलिसिस. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी, लिटरला साधारण एक चमचा धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक मशीनच्या भागाला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. भाग आणि पट्टी एकमेकांना शिवता कामा नयेत. स्टेनलेस स्टीलची पट्टी अजिबात वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. मिठाचं पाणीही नको, क्लोरीन सुटतो. हायड्रोजन निघत असतो म्हणून टाकी उघड्यावर ठेवा, जवळ बिडी-काडी नको. स्प्रिंग आणि चकचे जबडे यात घालू नका. पोलाद ठिसूळ होतं.

स्पिंडल, क्विल, कॉलम आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांच्यावर ग्राइंडर किंवा वायर व्हील फिरवू नका. डिझेल आणि बारीक पॉलिश पेपर, 400 नंबरचा, तोही तेल लावून हाताने. टेबलात ड्रिल घुसून पडलेले खड्डे भरत बसू नका. त्यावर लाकडी फळी टाकून काम करता येतं, आणि टेबल सपाट करण्याच्या नादात खरडलं तर नवीन दोष येतो.

अडकलेल्या बोल्टला डिझेल नाहीतर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं निम्मं घालून एक-दोन दिवस थांबा. मग बोल्टच्या डोक्यावर हलकी थाप, सोडवण्याआधी एकदा आवळण्याच्या दिशेने झटका. ॲसिटोन टाकल्यावर त्याच जागी ब्लो लॅम्प लावायची घाई करू नका.

रंग शेवटी, आणि फार वेळ घालवण्यासारखा विषय नाही. जुना रंग शिशाचा असू शकतो, कोरडा घासू नका. पाणी लावून घासा आणि मास्क वापरा. थिनरने पुसा, रेड ऑक्साइड प्राइमर, मग सिंथेटिक इनॅमल किंवा हॅमरटोन ग्रे. स्पिंडलची जागा, कॉलम आणि टेबलाचा वरचा भाग टेपने झाका. जून ते सप्टेंबर या काळात नायट्रोसेल्युलोजचा ड्युको मारलात तर हवेतल्या दमटपणामुळे तो पांढरट पडतो. नाव कोरलेली पितळी पाटी घासू नका.

मोटार अर्धा एचपी, 1440 आरपीएम. कारखान्यातून निघालेल्या मशीनवर थ्री फेज मोटार असेल तर घरी दोन मार्ग. सिंगल फेज मोटार बसवा, किंवा 230 व्होल्ट सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा. व्हीएफडीसाठी मोटारीच्या पाटीवर 230 डेल्टा, 415 स्टार (वायरी जोडण्याच्या दोन पद्धती) लिहिलेलं हवं. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असली तर पट्ट्या डेल्टामध्ये जोडता येतात, फक्त तीन टोकं बाहेर असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या. नवीन मोटार घेताना शाफ्टचा व्यास बघा; 14 मिमीच्या शाफ्टवर इंची भोकाची जुनी पुली बसत नाही. गुणगुणते पण फिरत नाही अशी सिंगल फेज मोटार आली तर आधी कॅपॅसिटर बदलून पाहा. हात लावण्याआधी त्यातली वीज बल्ब जोडून उतरवा. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) इन्सुलेशन 1 मेगओहमच्या वर असावं.

आपल्याकडे वीज जाते आणि कधीही येते. साधा टॉगल स्विच असेल तर वीज आल्यावर ड्रिल आपोआप सुरू होतं, तेही चकमध्ये चावी राहिलेली असताना. नो-व्होल्ट कॉइल असलेला डीओएल स्टार्टर लावा, म्हणजे वीज गेली की तो सुटतो आणि बटण दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. अर्थिंगची वायर थेट मशीनच्या धातूला जोडा.

बेल्ट ए-सेक्शनचा, वरची रुंदी 13 मिमी. जुना बेल्ट एकाच आकारात राहून वाकडा झालेला असतो, त्यानेच निम्मी कंपनं येतात, बदलाच. दोन्ही पुल्यांच्या कडांवर सरळपट्टी ठेवून रेषेत आणा. मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 मिमी दबला पाहिजे. जास्त ताणलात तर बेअरिंग लवकर जाते.

जोडणी उलट क्रमाने. स्प्लाइनला आणि रॅकला थोडं लिथियम ग्रीस, क्विलला पातळ मशीन ऑइल. क्विलला ग्रीस लावू नका, धूळ धरून ठेवते. स्प्रिंगचा ताण मोजलेल्या फेऱ्यांपर्यंत द्या. हँडल सोडल्यावर क्विल शांतपणे वर जावी, आपटू नये.

चक बसवताना शंकू आणि भोक दोन्ही थिनरने पुसून कोरडे करा, तेल नको. जबडे आत घ्या, लाकडी ठोकळ्याने एक थाप पुरते. इथे नवख्यांचा एक घोळ ठरलेला: बी-16 आणि जेकब्स 33 हे शंकू जवळपास सारखे दिसतात. मोठ्या टोकाचा व्यास 15.73 आणि 15.85 मिमी, पण उतार वेगळा. चुकीचा चक घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि भार आला की डुगडुगतो, शेवटी गळून पडतो. मार्किंग ब्लू (ठसा दाखवणारी निळी शाई) लावून संपर्क बघा; निळा ठसा लांबीभर उमटला पाहिजे.

आता रनआउट, म्हणजे फिरताना होणारं डगमगणं. आधी स्पिंडलच्या आतल्या शंकूत फिंगर डायल (आत पोचणारा छोटा डायल गेज) लावून हाताने फिरवा, 0.03 मिमीच्या आत असावा. मग चकमध्ये सरळ डॉवेल पिन (अचूक मापाची गोल पिन) धरून जबड्यांपासून 25 मिमीवर मोजा, 0.1 मिमी चालतं. पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट आला तर दोष चकचा. पहिलाच वाईट असेल तर नवा चक घेऊन पैसे वाया जातात.

टेबल चौकोनात आणण्यासाठी चकमध्ये वाकवलेला दांडा धरा, हाताने 150 मिमी व्यासाच्या वर्तुळात फिरवा आणि फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) चारही बाजूंचं अंतर बघा. डावे-उजवे फरक टेबलाच्या कोनाच्या बोल्टने काढता येतो. पुढे-मागे फरक असेल तर पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालून काही होत नाही, कारण टेबल आणि हेड दोन्ही एकाच कॉलमवर बसलेले आहेत. टेबल आणि त्याच्या ब्रॅकेटमध्ये शिम घाला.

आधी सर्वांत कमी वेगावर दहा मिनिटं मोकळं चालवा. बेअरिंगची जागा हाताला कोमट लागली तर ठीक, बोट टेकवता येत नसेल तर दाब चुकला आहे. मग वेग ठरवा: पोलादासाठी हाय स्पीड स्टीलचा ड्रिल मिनिटाला 25 मीटर धरून. आरपीएम म्हणजे 25 गुणिले 1000, भागिले 3.14 गुणिले व्यास. 6 मिमीला सुमारे 1325, 10 ला 800, 12 ला 660. पुलीवरून मिळणारा वेग मोजायला मोटारीच्या पुलीचा व्यास भागिले स्पिंडलच्या पुलीचा, गुणिले 1440. 50 आणि 125 मिमीच्या जोडीवर 576 येतात. बीडवर वेग थोडा कमी आणि कोरडं काम, पोलादाला कटिंग ऑइल, अॅल्युमिनियमला थोडं रॉकेल किंवा डिझेल.

पहिली चाचणी 10 मिमी जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीवर घ्या. पट्टी क्लॅम्पने टेबलाला बांधा, हाताने धरू नका. सेंटर पंच, 4 मिमीचं आधीचं भोक, मग 12 मिमी. भोक 0.2 मिमीपेक्षा जास्त मोठं आलं, तर मशीन पुन्हा सुटं करण्याआधी ड्रिलची धार बघा. दोन्ही कडांची लांबी सारखी नसली की चांगल्या मशीनवरही मोठं भोक पडतं.