गावतळ्यात वर्षाला किती ब्रास गाळ येणार, ते आधी काढा

तळ्याचं एस्टिमेट करताना पाण्याचा हिशोब सगळेच करतात, गाळाला मात्र सरसकट 10 टक्के टाकून मोकळे होतात. मीही एकदा तेच केलं आणि चौथ्या पावसाळ्यानंतर तळ्याच्या तोंडाशी साचलेल्या गाळावर वेड्या बाभळी उगवल्या, म्हणून हे लिहितोय.

समजा पाणलोट 40 हेक्टर, पाऊस 600 मिमी, उतार 3 टक्के, बहुतेक शेतं बाजरी-तुरीची. धुपेसाठी, म्हणजे पावसाने किती माती सुटते ते काढायला, यूएसएलई (युनिव्हर्सल सॉइल लॉस इक्वेशन) नावाचं जुनंच समीकरण आहे, पाच आकडे गुणायचे की वर्षाला हेक्टरी किती टन माती ते मिळतं. पहिला आर, म्हणजे पावसाचा मार, आपल्याकडे तो 79 अधिक 0.363 गुणिले वार्षिक पाऊस असा काढतात, इथे 297. मग के, मातीचा, मध्यम जमिनीला 0.2 धरू. उताराची लांबी आणि चढ मिळून एलएस, 100 मीटर लांबीच्या 3 टक्के उताराचा तो 0.41 येतो, पिकाचा सी 0.4, आणि बांधबंदिस्ती नसेल तर पी 1. गुणाकार हेक्टरी 9.7 टन.

इथे एक घोळ हमखास होतो. के चे तक्ते दोन युनिटमध्ये मिळतात, एसआय एककांतला (आंतरराष्ट्रीय मापांतला) 0.02 असा दिसतो, तो वरच्या आरला लावला की धूप दहापट कमी निघते आणि कागदावर सगळं छान दिसतं. 297 च्या आसपासचा आर असेल तर के 0.1 च्या खाली दिसला की थांबा, तक्ता परत बघा.

आता 40 हेक्टरची 390 टन माती हलली म्हणून सगळी तळ्यात येत नाही, वाटेत बांधाला, सखल जागी बसते. एवढ्या छोट्या पाणलोटात निम्मी येते असं धरा, 195 टन. बसलेला गाळ घनमीटरला साधारण 1.2 टन, म्हणजे वर्षाला 160 घनमीटर, आपल्या भाषेत 57 ब्रास. तळं 6,000 घनमीटरचं असेल तर 10 वर्षांत पाव भाग गेला की! थोडा बारीक गाळ सांडव्यावरून जातो, पण डिझाइनला ती सूट घेऊ नका, कारण या समीकरणात ओघळी आणि नाल्याचे ढासळणारे काठ मोजलेच जात नाहीत.

म्हणून आकडा जागेवर पडताळा. त्याच नाल्यावर जुना माती बांध असेल तर उन्हाळ्यात आत चार-पाच ठिकाणी खड्डे घ्या. मऊ, थराथराचा गाळ संपून मुरूम किंवा गोटे लागले की तो जुना तळ. सरासरी खोली गुणिले क्षेत्रफळ, भागिले बांधाचं वय. बांध नव्या जागेच्या वर असेल तर त्याच्या पाणलोटाच्या हेक्टरनेही भागा आणि मग 40 ने गुणा. फक्त तो बांध काठोकाठ गाळाने भरलेला नसावा, भरला असेल तर पुढचा गाळ वरून निघून गेलेला असतो आणि तुमचा आकडा कमीच येणार.