ट्रान्सपोर्टर ठरवताना या चुका टाळा

सांगलीतून हळद पावडर आणि मसाले बाहेरगावी पाठवायला लागून मला बरीच वर्षं झाली. नव्याने धंदा वाढवणारी मुलं येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, नागपूरला किलोमागे सगळ्यात कमी कोण घेतं?" माल भिजला तर भरून कोण देणार, हे मात्र कुणी विचारत नाही. तेच ऐकून ऐकून शेवटी लिहायला बसलो.

नुसत्या किलोच्या भावावर माल देणं

2018 च्या जुलैत मीही हेच केलं होतं. नागपूरच्या व्यापाऱ्याला 30 किलोची 60 पोती जायची होती, म्हणजे 1,800 किलो. माझा नेहमीचा माणूस किलोला 4 रुपये 20 पैसे घ्यायचा. एका नव्या माणसाने 2 रुपये 80 पैसे सांगितले. 2,520 रुपये वाचतात म्हणून माल त्याला देऊन टाकला.

गाडी त्याची नव्हतीच, तो दलाल होता. त्याने माल दुसऱ्याच्या गळ्यात घातला, दुसऱ्याने तो वाटेत गोडाऊनला उतरवला आणि तिसऱ्या गाडीची वाट बघत पोती रात्रभर उघड्यावर पावसात राहिली. नागपुरात 22 पोत्यांतल्या हळदीचे गोळे झालेले निघाले. 110 रुपये किलोने 72,600 रुपयांचा माल गेला.

बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टरने माल घेतल्याची पावती, काढून बघितली तर वर 'ओनर्स रिस्क' असा शिक्का, म्हणजे नुकसान झालं तर ते मालवाल्याच्या माथी. मागच्या बारीक अक्षरातल्या अटी मी तोवर कधी वाचल्याच नव्हत्या. रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आहे, त्याचे 2011 चे नियम आहेत. जादा दर देऊन जास्त जोखीम लिहून घेतली नसेल, तर साधारणपणे ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते, आणि तीही आपण लिहिलेल्या मालाच्या किमतीच्या आतच. माझं भाडं 5,040 रुपये. म्हणजे सगळं माझ्या बाजूने झालं असतं तरी 50,400 च्या वर काही मिळणार नव्हतं. त्यातही नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते. मी फोनवर "आज देतो, उद्या देतो" ऐकत बसलो आणि ती मुदतही गेली. हातात एक रुपया आला नाही.

तेव्हापासून नवा ट्रान्सपोर्टर धरायचा तर आधी संध्याकाळी सातच्या पुढे त्याच्या गोडाऊनला जाऊन उभा राहतो. गाड्या भरण्याची वेळ तीच. हमाल पोती ठेवतात की फेकतात, छत गळतं का, जड पेट्या खाली जातात की वर, हे सगळं अर्ध्या तासात दिसतं. ऑफिसात बसून चहा पिताना यातलं काहीच कळत नाही. मग दोनच प्रश्न विचारतो: गाडी तुमची की दुसऱ्याची भाड्याने लावलेली? आणि माल वाटेत कुठे उतरतो? उत्तर देताना घुटमळणाऱ्याला मी माल देत नाही. "आजच गाडी हवी, बघायला वेळ कुठे आहे?" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं की पहिला माल दोन दिवस उशिरा जाऊ द्या.

विमाही आता वर्षाचा घेतो. त्याला मरीन पॉलिसी म्हणतात, म्हणून ती जहाजाच्या मालापुरतीच असते असा खूप जणांचा समज आहे. रस्त्याच्या मालालाही ती चालते. पण विमा आहे म्हणून ट्रान्सपोर्टरला नोटीस द्यायची टाळू नका, विमा कंपनी तो कागद मागतेच.

पोचवर डोळे झाकून सही

त्याच नागपूरच्या मालाची ही दुसरी बाजू. ड्रायव्हर घाई करत होता, व्यापाऱ्याच्या दुकानातल्या पोराने पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या कागदावर, सही-शिक्का मारून दिला. शेरा काही नाही. म्हणजे कागदावर माल सुस्थितीत पोचला. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला माल निघायच्या आधी माझा फोन जातो: पोती मोजा, फोटो काढा, ओलं किंवा फाटलेलं असेल तर सही करायच्या आधी पोचवरच लिहा, "22 पोती भिजलेली" असं आकड्यानिशी. ड्रायव्हर कुरकुर करतो. करू दे.

बाकीच्या, थोडक्यात

हलका माल असेल तर काट्यावरचं वजन विसरा. पापडाचा खोका 60 बाय 45 बाय 40 सेंटिमीटरचा, वजन 9 किलो. लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला 5,000 ने भागलं की बिल 21.6 किलोचं होतं. भागाकार कितीने करतात, हे दर ठरवतानाच लिहून घ्या.

ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, काढून मोकळं होऊ नका. वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर त्याच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, चढला पाहिजे, आणि साध्या मालाला 200 किलोमीटरला एकच दिवस मिळतो. माल अडला तर तो सोडवायला साधारणपणे कराच्या 200 टक्के दंड भरावा लागतो.

हमाली, वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याचे पैसे), घरपोच डिलिव्हरीचा खर्च कुणाकडे, हे आधी विचारा.

बिल्टीशिवाय, नुसत्या कच्च्या चिठ्ठीवर माल पाठवू नका. भाव कितीही कमी असो.

सगळा माल एकाच्याच गाडीत नको. मी एकाला मोठा हिस्सा देतो, दुसऱ्याला थोडा पण दर महिन्याला न चुकता. दिवाळीच्या तोंडावर गाड्या मिळत नाहीत तेव्हा हा दुसराच उपयोगी पडतो. त्या पंधरवड्यात ट्रान्सपोर्टर आधी जुन्या गिऱ्हाइकाचा माल भरतात, म्हणून या दुसऱ्याशी बोलणं करायचं असेल तर ते श्रावणातच करून ठेवा.