खरकट्यावरचा गोबरगॅस चौथ्या महिन्यात मंदावला तर: सूक्ष्म धातूंची उणीव कशी ओळखावी व भरून काढावी

वसतिगृहाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या खरकट्यावर चालणारे गोबरगॅस संयंत्र पहिले तीन-चार महिने उत्तम चालते आणि मग, काहीही बदल केलेला नसताना, शेगडीची ज्योत आखडू लागते. अशा वेळी टाकी उपसून टाकण्याची घाई करू नये, कारण पुष्कळदा दोष टाकीचा नसून आत मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या उपासमारीचा असतो.

या जीवांची भूक अगदी थोड्या धातूंची आहे. मिथेन ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने अखेरच्या टप्प्यात तयार होतो, त्याच्या गाभ्याशी निकेलचा अणू असतो. त्याच्या आधीच्या टप्प्यात ब-१२ जीवनसत्त्वासारखी कोबाल्टयुक्त संयुगे लागतात. शिवाय लोह, मॉलिब्डेनम आणि सेलेनियमही लागते. भात, भाकरी आणि भाजीची देठे यांत निकेल व कोबाल्ट फार कमी असतात. शेणात मात्र ते असतात, कारण जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांनाही कोबाल्टची गरज असते आणि पशुखाद्यातल्या खनिज मिश्रणात तो मुद्दाम घातलेला असतो.

चौथा महिनाच का, याचे उत्तर हिशेबात आहे. टाकीत माल सरासरी ४० दिवस राहत असेल आणि ती नीट ढवळली जात असेल, तर संयंत्र सुरू करताना घातलेल्या शेणातून आलेल्या धातूंपैकी ४० दिवसांनी सुमारे ३७ टक्के आणि १२० दिवसांनी केवळ ५ टक्के उरतात; बाकीचे रोजच्या स्लरीबरोबर बाहेर पडतात.

तरीही आधी इतर कारणे तपासावीत. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्री कडाक्याची थंडी पडते आणि तेवढ्यानेही गॅस घटतो. लग्नसराईत एकाच दिवशी चारपट खरकटे गेले असेल, तर तेही कारण पुरेसे आहे. मग सामू (पीएच, म्हणजे आम्लता) दाखवणाऱ्या कागदाने स्लरी तपासावी. सामू ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असावा; तो ६.५ च्या खाली उतरला असेल आणि स्लरीला आंबूस वास येत असेल, तर आम्ले साचत आहेत असे समजावे. खाद्य, तापमान आणि पाणी पूर्वीसारखेच असूनही हे हळूहळू घडले असेल, तर धातूंच्या उणिवेचा संशय धरणे योग्य ठरते.

उपाय सोपा आहे. खरकटे निम्म्यावर आणावे आणि दोन-तीन आठवडे रोज ताजा शेणकाला, एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शाइतका, घालावा. सुधारणा दिसल्यावरही आठवड्यातून एक-दोनदा तो चालू ठेवावा. घरगुती संयंत्रासाठी मी यापलीकडे जाण्याचा सल्ला देणार नाही.

कृषी सेवा केंद्रातले फवारणीचे सूक्ष्म अन्नद्रव्य, ग्रेड-२, काही जण टाकीत ओततात. ते कृपया करू नये. त्यात लोह, जस्त, मँगनीज, तांबे, मॉलिब्डेनम व बोरॉन असतात, निकेल-कोबाल्ट नसतात, आणि जास्त झालेले तांबे व जस्त या जीवांना विषारी ठरतात. कुजक्या अंड्यासारखा वास तीव्र असेल, तर सल्फाइड धातूंना बांधून ठेवत आहे. त्यावर लोह घालावे, पण हिराकस (फेरस सल्फेट) नको, कारण त्यातले लोह जेवढा गंधक बांधू शकते तेवढाच गंधक हिराकसबरोबर सल्फेटच्या रूपाने टाकीत येतो. फेरिक क्लोराइड अधिक योग्य.

मोठ्या संयंत्रात प्रयोगशाळेने उणीव दाखवली तरच क्षार वापरावेत. दोन हजार लिटर स्लरीत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम कोबाल्ट हवा असेल, तर एकूण ४०० मिलिग्रॅम कोबाल्ट, म्हणजे जलयुक्त कोबाल्ट क्लोराइडचा केवळ १.६ ग्रॅम क्षार पुरतो. तो चमच्याने अंदाजे घेऊ नये, काट्यावर मोजावा आणि हातमोजे व मुखपट्टी वापरावी, कारण कोबाल्ट व निकेलचे क्षार माणसालाही घातक आहेत. हीच स्लरी पुढे शेतात जाते आणि जास्तीचा धातू काळ्या मातीत वर्षानुवर्षे राहतो, म्हणून एक मात्रा दिल्यावर किमान तीन आठवडे सामू व ज्योत यांची रोज नोंद ठेवावी आणि त्यानंतरच दुसऱ्या मात्रेचा विचार करावा.