चौकड्याचे सुती कार्डिगन: क्रोशाने विणण्याची रीत

कोकणात स्वेटर कशाला लागतो, असे घाटावरचे पाहुणे हसून विचारतात. त्यांनी मार्गशीर्षातल्या जत्रेत, देवळापुढच्या मोकळ्या जागेत बसून पहाटेपर्यंत दशावतार पाहिलेला नसतो, किंवा कोकण रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून रात्रीचा प्रवास केलेला नसतो. थंडी इथेही असते, पण ती काही तासांची असते आणि तिच्यात ओल असते. म्हणून इथल्या बाईला जाड लोकरीचा स्वेटर उपयोगी पडत नाही. हवे असते ते अंगाबरोबर पडणारे, हवा खेळणारे आणि घरी धुता येणारे सुती कार्डिगन. माझे पहिले कार्डिगन मी हौसेने लोकरीचे विणले. एका पावसाळ्यात कपाटात राहून त्याला जो कुबट वास लागला तो पुढे गेलाच नाही.

ज्यांनी कधी दारासाठी जाळीचे तोरण किंवा ताटावर टाकायचा रुमाल विणला आहे, त्यांना या कामातले निम्मे आधीच येते. चौकडा क्रोशात थेट विणायचा नसतो. आधी रंगीत आडव्या पट्ट्यांची साधी जाळी विणायची आणि मग तिच्या घरांतून, म्हणजे चौकोनी भोकांतून, उभे धागे सुईने ओवायचे; उभा रंग आडव्या रंगाला छेदतो तिथे चौकडा आपोआप उमटतो.

साहित्य

8 प्लायचा सुती दोरा घ्यावा. वेष्टनावर 100 ग्रॅमला साधारण 200 मीटर लांबी आणि 4 मिलिमीटरची सुई लिहिलेली असली म्हणजे तो आपल्या कामाचा. पांढरा 200 ग्रॅम, तांबडा 100 ग्रॅम आणि गडद निळा 200 ग्रॅम लागेल. यात थोडा दोरा उरेल हे धरलेले आहे, कारण कमी पडल्यावर दुकानात त्याच छटेचा दोरा पुन्हा मिळेलच असे नाही. पांढरा म्हणजे खोबऱ्यासारखा किंचित पिवळसर असावा. शुभ्र पांढऱ्यावर तांबडा फार उठून दिसतो. मला जांभ्या दगडाचा तांबडा आवडतो. गोव्यातल्या कुणबी साडीची तांबडी-पांढरी चौकडी ज्यांच्या डोळ्यांत बसली आहे त्यांनी निळा वगळून दोनच रंग वापरले तरी चालेल.

तांबडा दोरा विणण्याआधी तपासलाच पाहिजे. त्याचा हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात घट्ट दाबून ठेवावा. फडक्यावर रंग उतरला, तर तो दोरा बिनदिक्कत परत करावा. दुकानदार ‘रंग पक्का आहे’ म्हणतो, आणि पहिल्या धुण्यात सगळे पांढरे चौकडे गुलाबी होतात. हे माझ्या एका बहिणीच्या वाट्याला आलेले आहे.

क्रोशाची सुई 4 मिलिमीटरची, ॲल्युमिनियमची किंवा बांबूची घ्यावी, कारण खाऱ्या हवेत पोलादी सुईला गंज धरतो आणि त्याचा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून निघत नाही. याशिवाय मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची एक लांब सुई आणि पाच बटणे लागतील. करवंटीची बटणे या कपड्याला फार शोभतात.

माप

इथे दिलेले माप 34 ते 36 इंच छातीसाठी आहे. तयार कपड्याचा घेर साधारण 100 सेंटिमीटर होतो. आधी 28 साखळ्यांवर बारा घरांचा आणि बारा ओळींचा तुकडा विणावा आणि मधले दहा सेंटिमीटर मोजावेत. त्यात आडवी आठ घरे आणि उभ्या साडेआठ ओळी बसल्या पाहिजेत. घरे जास्त भरली तर सुई पाव मिलिमीटरने मोठी घ्यावी. 38 ते 40 इंच छाती असेल तर आकडे तेच ठेवून 4.5 ची सुई वापरावी, म्हणजे दहा सेंटिमीटरमध्ये सव्वासात घरे बसतील. लांबीही थोडी वाढते, आणि ती बहुधा हवीच असते.

रंगांचा क्रम

दोन पांढरे, एक तांबडा, दोन निळे, एक तांबडा, दोन पांढरे: आठांचा हा फेरा आडव्या ओळींनाही लागू आणि उभ्या धाग्यांनाही. तो मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू सारख्या पडतात. स्कॉटलंडच्या टार्टनमध्येही, म्हणजे तिथल्या चौकड्याच्या कापडातही, रंगांचा क्रम बहुधा असाच मध्यावर उलटतो. (तिथल्या गेलिक भाषेत ‘प्लेड’ म्हणजे मुळात पांघरूण; चौकड्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.) या सारखेपणाचा एक फायदा असा की डावा आणि उजवा पुढा (पुढचा भाग) एकमेकांचे प्रतिबिंब होतात.

दुसरा फायदा मला विणतानाच कळला, आणि त्यासाठीच मी हा क्रम सोडत नाही: रंग बदलताना दोरा कुठेही तोडावा लागत नाही. पहिल्या दोन ओळी विणून पांढरा सुरुवातीच्या काठाला परत येतो आणि तिथेच थांबतो. तिसरी तांबडी ओळ पलीकडच्या काठाला जाऊन थांबते. निळ्याच्या दोन ओळी त्याच काठापासून निघून तिथेच परत येतात. तांबडा तिथे वाट पाहतच असतो, तो सहाव्या ओळीने अलीकडे येतो आणि अलीकडे पांढरा तयार असतो. पुढच्या फेऱ्यातही प्रत्येक रंग हवा त्याच काठावर सापडतो. थांबलेला दोरा काठाने वर नेताना मात्र सैल ठेवावा, नाहीतर काठ आकसतो. निळ्याला सहा ओळी, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर, चढायचे असते. तो मधे एकदोनदा चालू दोऱ्याखाली दाबून घ्यावा. हे सगळे धागे शेवटी शिवणीत किंवा पट्टीत झाकले जातात.

जाळी

पाठीसाठी 84 साखळ्या घालाव्यात. सुईपासूनच्या सहाव्या साखळीत पहिला खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) घालावा, मग एक साखळी, खालची एक साखळी सोडून पुढचीत खांब, असे टोकापर्यंत जावे. 40 घरे होतील. पुढची प्रत्येक ओळ चार साखळ्यांनी सुरू करावी आणि खांबावर खांब, मधे एक साखळी, असे विणावे. शेवटचा खांब मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्यांपैकी तिसरीत घालायचा असतो. तो विसरला की दर ओळीला एक घर गळते आणि वीस ओळींनंतर पाठ तिरकी झालेली दिसते. रंग बदलायचा असेल तेव्हा ओळीतल्या शेवटच्या खांबाचे अखेरचे दोन फंदे नव्या रंगाने ओढून बंद करावेत. अशा 48 ओळी, म्हणजे सहा पूर्ण फेरे, झाल्या की पाठ संपली.

प्रत्येक पुढ्यासाठी 40 साखळ्या घालून 18 घरे धरावीत. 28 ओळी सरळ विणून झाल्यावर गळ्याच्या बाजूने दर चौथ्या ओळीत शेवटचे दोन खांब, मधली साखळी न घालता, एकत्र बंद करावेत. असे चार वेळा केले की खांद्याला 14 घरे उरतात. मग 48 पर्यंत सरळ जावे. दुसऱ्या पुढ्यात गळा विरुद्ध काठाला येईल एवढे लक्षात ठेवावे.

बाह्या मनगटाकडून वर विणायच्या. 52 साखळ्यांवर 24 घरे धरून 6, 12, 18 आणि 24 व्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक घर वाढवावे. 32 घरांवर 32 ओळी पुऱ्या कराव्यात. ही बाही पूर्ण हातापेक्षा थोडी आखूड असते. इथल्या दमट हवेत, हात सारखे पाण्यात असणाऱ्या बाईला ती सोयीची पडते.

उभे धागे

घाई करायची नाही ती इथे. पाठीचा तुकडा टेबलावर किंवा जमिनीवर चटई टाकून सपाट पसरावा. पाठीसाठी प्रत्येक उभ्या रांगेला सुमारे 75 सेंटिमीटरचे दोन पदर एकत्र घ्यावेत, म्हणजे दोन्ही टोकांना सहा-सहा सेंटिमीटर शेपटी उरेल. खालच्या काठापासून बोथट सुई घालून पहिल्या ओळीच्या साखळीवरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून, असे वरपर्यंत न्यावे. शेजारच्या रांगेत याच्या उलट सुरुवात करावी: आधी खालून, मग वरून. वर-खाली हा नेम पाळला तरच कापड मागावर विणल्यासारखे दिसते. दोन शेजारच्या रांगा एकाच चालीच्या झाल्या तर तिथे लांबूनही खाच दिसते.

दोन पदर पीळ न पडता शेजारी शेजारी झोपले पाहिजेत. दर पाचसहा घरांनंतर अंगठ्याने ते सपाट करून घ्यावेत. रांग पुरी झाल्यावर तुकडा दोन्ही हातांनी उभा एकदा हलकेच ताणावा. धागा आखडला असेल तर त्याच वेळी खालची शेपटी थोडी आत सरकते आणि रांग मोकळी होते. ताणून ओवलेला धागा लगेच कळत नाही, पण चाळीस रांगा झाल्यावर पाठ दोन बोटे आखूड भरते आणि पुढे शिवण जुळत नाही. उन्हाळ्यात हाताला घाम येत असेल तर बोटांना थोडी टाल्कम पावडर लावावी.

पाठीला पाच फेरे बरोबर बसतात. पुढ्यात रांगा नेहमी कुशीकडून मोजायला लागावे: दोन फेरे आणि वर दोन पांढऱ्या रांगा. त्यामुळे कुशीच्या शिवणीवर पाठीच्या दोन आणि पुढ्याच्या दोन पांढऱ्या रांगा मिळून चौकडा अखंड दिसतो. बाहीत मधले 24 म्हणजे तीन फेरे आधी ओवावेत आणि वाढवलेल्या घरांत बाहेरच्या बाजूला पांढरा, पांढरा, तांबडा, निळा असा क्रम न्यावा.

जोडणी

पुढ्याची 14 घरे पाठीच्या दोन्ही टोकांच्या 14 घरांना जोडावीत. मधली 12 घरे गळ्याला राहतील. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून दोन्ही बाजूंना 17 ओळींपर्यंत ती टाचावी. बाहीची 16 घरे 17 ओळींवर बसवायची असल्याने एकदाच एका घराला दोन ओळी घ्याव्यात. मग कूस आणि बाही शिवताना पांढऱ्याला पांढरी, निळ्याला निळी ओळ आधी टाचण्यांनी जुळवून घ्यावी.

खालच्या घेराला निळ्याने मुक्या खांबाच्या (वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्याच्या) चार ओळी घालाव्यात आणि उभ्या धाग्यांच्या शेपट्या त्यांत दाबत जावे. मनगटाला प्रत्येक घरात एक आणि एक सोडून एका खांबात एक असे 36 मुके खांब घेतले की बाही आपोआप गोळा होते. तिथे सहा ओळी पुरेत. पुढच्या उघड्या काठाला आणि गळ्याला सलग पट्टी विणावी: उभ्या काठावर दर ओळीला दोन मुके खांब, पाठीच्या गळ्यावर दर घराला दोन, एकूण आठ ओळी. चौथ्या ओळीत उजव्या बाजूला पाच काजी ठेवायची. पहिले खालून दीड सेंटिमीटरवर, पुढची साडेसात सेंटिमीटरच्या अंतराने. काज म्हणजे दोन साखळ्या घालून खालचे दोन टाके सोडणे, आणि पुढच्या ओळीत त्या साखळ्यांवर दोन मुके खांब.

हे कार्डिगन दोरीवर कधी वाळत घालू नये. ओल्या सुताच्या वजनाने ते गुडघ्यापर्यंत लोंबते. रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पंच्यात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवे पसरावे. मृगाच्या आधी एकदा कडक उन्हात उलटे करून तासभर ठेवावे, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या ट्रंकेत टाकावे, आणि गणपतीनंतर ऊन पडताच एकदा बाहेर काढून वारा द्यावा.