‘आज हत्ती खंय?’ : हत्ती-गेंड्यांच्या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात मी राहायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यातच कळलं, की संध्याकाळी सहानंतर माझा फोन माझा राहत नाही. मोर्ले, केर, हेवाळे, घोटगेवाडी, कुठून कुठून फोन यायचे आणि प्रश्न एकच असायचा, ‘बाय, आज हत्ती खंय?’ मी मूळची आजऱ्याची. आमच्याकडेही टस्कर उसात शिरतो, त्यामुळे हत्तीची भीती मला नवी नव्हती. पण कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एमएस्सी करून मी आले होते ती हत्तींच्या आहाराचा अभ्यास करायला. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की माझा विषय त्या प्रश्नानेच ठरवून टाकलाय. हत्ती आज कुठे आहे, हे अंधार पडायच्या आत माणसांपर्यंत पोहोचवणं. ते जमलं तर माणूसही वाचतो आणि हत्तीही.

कर्नाटकातून हत्ती तिलारीच्या या पट्ट्यात २००२ मध्ये उतरले. धरणाचं पाणी, बांबू, आणि जंगलाला चिकटून केळी, सुपारी, माड, फणस. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो जिथे कमी कष्टात मिळेल तिथे तो जाणारच, त्यात त्याचा दुष्टपणा नाही. पण ज्याचा माड पडला त्याला हे सांगायला जाऊ नका. माड लावल्यापासून फळ धरेपर्यंत सहा-सात वर्षं जातात, आणि हत्ती तो रेटून पाडतो, आतला गाभा खातो आणि पुढच्या माडाकडे वळतो. एका काकांच्या बागेत सकाळी उभी होते. त्यांनी पडलेले माड मोजून दाखवले आणि म्हणाले, ‘माका पैसे नको गो, माका रातची झोप होयी.’ मी वहीत नुकसानाचा आकडा लिहिणार होते. त्या दिवशी नाही लिहिला.

काम कसं चालतं ते सांगते. पहाटे वनमजुरांबरोबर निघायचं. रात्री ज्या वाडीतून फोन आला असेल तिथून माग धरायचा. मला माग शिकवला तो एका वयस्क वनमजुराने, आणि विद्यापीठातल्या दोन वर्षांइतकंच ते शिक्षण मी मोठं मानते. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजायचा आणि दुप्पट करायचा, की खांद्यापर्यंतची उंची साधारण कळते. म्हणजे पिल्लू बरोबर आहे की एकटा नर, याचा अंदाज बांधता येतो. लीद वरून कोरडी असली तरी आत हात घालून ऊब बघायची. त्यात फणसाच्या आठळ्या असतील तर काल रात्री तो कुणाच्या परसात होता हे गावातलं कुणीही सांगतं. मोडलेल्या बांबूचा रस सुकलाय का, चिखलातल्या ठशात पाणी गढूळ आहे की निवळलंय, हेही बघायचं. यंत्रं येतील, ड्रोन आलेच आहेत, पण दाट झाडीत आणि पावसात शेवटी पायांनीच जावं लागतं.

आता माझी चूक सांगते, कारण नव्याने येणाऱ्याने तीच करावी असं मला वाटत नाही. पावसाळा संपत आला होता. मोबाइलवरच्या एका गटावर निरोप आला की कळप केरच्या बाजूला गेलाय. मी दिवसभर दमले होते. निरोप कुणी पाहून पाठवलाय हे न विचारता मी तो पुढे चार वाड्यांना पाठवला. दुसऱ्या बाजूच्या एका जोडप्याने तो वाचला आणि निश्चिंत होऊन मांगरात (बागेतल्या झोपडीवजा घरात) झोपायला गेले. हत्ती त्यांच्याच बागेत आले. दोघं रात्रभर माळ्यावर श्वास रोखून बसले होते. जीव वाचला, केळी गेली. सकाळी मी गेले तेव्हा ते मला काहीच बोलले नाहीत, उलट चहा दिला. पण त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही, पुढचे कितीतरी दिवस आला नाही. तेव्हापासून माझ्या निरोपात तीन गोष्टी असतातच: कुणी पाहिलं, कुठे, किती वाजता. आणि माहीत नसेल तर ‘आज माहीत नाही, सावध राहा’ असं स्पष्ट लिहिते. लोक तेवढ्यावरही विश्वास ठेवतात, फक्त खोट्या खात्रीवर ठेवत नाहीत.

हा विचार माझा एकटीचा नाही. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत वन्यजीव अभ्यासक एम. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच वर्षानुवर्षं केलं. आधी स्थानिक केबल टीव्हीवर पट्टी फिरायची, मग २०११ पासून मोबाइलवर संदेश जायला लागले, आणि वस्तीच्या तोंडाशी लाल दिवे बसले, जे जवळचा मजूरच आपल्या मोबाइलवरून लावू शकतो. संध्याकाळी मळ्यातून घरी परतणाऱ्या माणसाला वाटेत अचानक हत्ती समोर येणं, हेच तिथल्या मृत्यूंचं मोठं कारण होतं. तिथला अनुभव जमेल तेवढा वाचा, शक्य असेल तर जाऊन बघा.

सौर कुंपणाबद्दल सगळे विचारतात. ते उपयोगी आहे. त्यातला झटका क्षणाचा असतो, त्याने जीव जात नाही. पण पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जातो, आणि गवत कुणी काढायचं यावर वाडीत एकमत नसेल तर वर्षभरात नुसती तार उरते. हत्ती सुळ्याने तार उचकटतो किंवा तिच्यावर झाड पाडतो. याच्या अगदी उलट, थेट विजेच्या खांबावरून सोडलेली तार. ती बेकायदा आहे आणि तिने हत्तीही मरतात, माणसंही. असं कुठे दिसलं तर गप्प बसू नका. पण आधी त्या घरच्या माणसाशी बोला, तो या टोकाला का आला हे ऐका.

पंचनाम्याचं काम कुणाला नको असतं. मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत कळवावं लागतं, हे कितीतरी घरांत माहीत नसतं. सातबारा मुंबईतल्या भावाच्या नावावर, बाग कसणारी इथली वहिनी. अशा वेळी कागद जुळवून देणारं माणूस हवं असतं. ज्याची भरपाई वेळेत मिळाली, त्याच्या हातात फटाका जरा उशिरा येतो.

गेंड्यांकडे मी नंतर वळले. काझीरंगाच्या काठच्या गावांत सहा महिने होते. तिथे प्रश्न वेगळा. गेंड्याचं शिंग म्हणजे आपल्या नखांत असतं तेच केराटिन, तरीही त्यासाठी २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत आसाममध्ये पन्नासहून अधिक गेंडे मारले गेले. गेंडा ठरावीक जागीच लीद टाकतो, त्याच वाटेने येतो, आणि शिकारी त्याची ही सवय ओळखून दबा धरतो. म्हणून वनरक्षकांच्या चौक्या जंगलभर विखुरलेल्या आहेत, पुराच्या पाण्यातही माणसं तिथे राहतात, नावेतून गस्त घालतात. २०२२ साल आसाममध्ये शिकाऱ्यांच्या हातून एकही गेंडा न गमावता गेलं. त्याच वर्षीच्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले. त्याआधी, २२ सप्टेंबर २०२१ ला काझीरंगाजवळच्या बोकाखातमध्ये सरकारने साठवलेली २,४७९ शिंगं जाळली. या शिंगाला काही मोल नाही, हे जगाला दाखवण्यासाठी.

पण गस्त बंदुकीवर चालते असं समजू नका. अनोळखी माणूस गावात कुणाकडे उतरला, ही बातमी गावातूनच येते, आणि ती देणाऱ्याचं भाताचं शेत हत्तीने तुडवलं तेव्हा तुम्ही आला होतात का, यावर ती येणं न येणं ठरतं. दोडामार्गातला आणि काझीरंगातला धागा मला इथे जुळलेला दिसला. पुरात प्राणी महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे जातात, तेव्हा गाड्यांना वेळेची नोंद असलेलं कार्ड देतात. ठरल्यापेक्षा लवकर पलीकडे पोहोचलात तर वेग जास्त होता हे उघड. इतकी साधी युक्ती, आणि तिच्यामुळे हरणं वाचतात.

शिक्षणाचं थोडक्यात. वर्दी हवी असेल तर वनरक्षक भरती (मुलींना तीन आणि मुलांना पाच किलोमीटर धावावं लागतं, आजपासून धावायला लागा), एमपीएससीतून वनसेवा, यूपीएससीतून भारतीय वनसेवा. संशोधन हवं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), दोन्हीकडे वन्यजीवांच्या विषयात एमएस्सी आहे. जागा थोड्या, पण प्रयत्न करा. पशुवैद्यक, वकील, नकाशे करणारे यांची या कामात फार गरज आहे. संस्थांमधली कामं बहुतेक प्रकल्पापुरती असतात, पगार बेताचा असतो. घरी हे आधीच सांगून ठेवा. माझ्या आईला मी ते सांगितलं नव्हतं, आणि दोन वर्षं ती विचारत राहिली की तू कायम कधी होणार.

जंगलात जाताना अत्तर, सुवासिक तेल नको. वाऱ्याची दिशा बघा. नराच्या कानशिलावर ओला ओघळ दिसला तर तो मस्तावर, म्हणजे माजावर आहे, मागे फिरा. हत्तीच्या तोंडावर विजेरी मारू नका, फोटोसाठी तर कधीच नाही.

आणि अर्ज करण्याआधी एकदा येऊन राहा. भात पिकून कापणीला येतं ते दिवस निवडा. वाडीतल्या एखाद्या मांगरात रात्र काढा. मध्यरात्री कुठेतरी डबा वाजायला लागतो, मग दुसरा, मग अख्खी वाडी जागी होते. कोण कुणाला काय ओरडून सांगतंय ते ऐका, आणि सकाळी त्याच माणसांबरोबर माग काढायला जा.