केळीचा भाव कालचाच का दिसतो? नेक्स्ट-जेएसमधल्या या चुका टाळा

नेक्स्ट-जेएस या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये केलेलं रावेरच्या केळीभावाचं पान घ्या. डेव्ह मोडमध्ये (आपल्या मशीनवर कोड लिहिताना) झकास चालतं, भाव बदलला की पानही बदलतं. सर्व्हरवर चढवलं की सोमवारचा भाव गुरुवारीही तसाच. मग एपीआयवाल्याला (भाव पुरवणाऱ्याला) फोन, सीडीएनला (पानांच्या प्रती साठवून वाटणाऱ्या सर्व्हरांना) शिव्या. भाऊ, आधी बिल्डचं, म्हणजे सर्व्हरसाठी साइट तयार करतानाचं, आउटपुट वाचा! पानाच्या मार्गासमोर पोकळ गोल असेल तर पान स्टॅटिक आहे. म्हणजे भाव बिल्डच्या वेळी एकदाच आणला आणि एचटीएमएलमध्ये गोठला.

‘आवृत्ती १५ मध्ये फेच कॅश होत नाही ना?’ (म्हणजे फेचने आणलेली माहिती साठवली जात नाही ना?) हे हमखास ऐकू येतं. १३-१४ मध्ये आपोआप व्हायचं, ऑक्टोबर २०२४ च्या १५ पासून होत नाही, हे खरं. पण पानात कुकी, हेडर असं रिक्वेस्टवर अवलंबून काहीच नसेल, तर अख्खं पानच बिल्डमध्ये तयार होऊन बसतं. डेव्ह मोड मात्र दर वेळी नव्याने रेंडर करतो, म्हणून चूक दिसत नाही. चढवण्याआधी आपल्याच मशीनवर बिल्ड करून स्टार्ट चालवा आणि भाव बदलून बघा. दोन मिनिटांचं काम, पण घाई असते ना!

मग कोणीतरी रिव्हॅलिडेट ३०० (पान ३०० सेकंदांनी जुनं माना) टाकतो आणि पाच मिनिटांनी ‘तरी जुनंच’ म्हणतो. मुदत संपल्यावर येणाऱ्या पहिल्या माणसाला जुनंच पान मिळतं, नवं मागे तयार होतं आणि पुढच्याला दिसतं. आकडा १ वर आणणं हा इलाज नव्हे. भाव दिवसातून एकदाच भरत असाल, तर सेव्हच्या अ‍ॅक्शनमध्येच रिव्हॅलिडेटपाथ (साठवलेलं पान जुनं ठरवणारं फंक्शन) बोलवा. सर्व्हर दोन असतील तर कॅश दोघांत सामायिक ठेवा, नाहीतर एकावर नवा भाव, दुसऱ्यावर जुना.

लॉगिनमागच्या पानाला एस-मॅक्सएज (सीडीएनने पान किती वेळ साठवावं ते सांगणारी सूचना) लावणं ही माफ न होणारी चूक. चोपड्याच्या शेतकऱ्याचा हिशेब सीडीएन यावलच्या शेतकऱ्याला दाखवेल. तिथे प्रायव्हेट, नो-स्टोअर (साठवूच नका), चर्चा नको. युजरची माहिती मोड्यूलच्या वरच्या, फंक्शनबाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली तरी हीच गत, कारण ते सगळ्या रिक्वेस्टना एकच असतं.

हायड्रेशनची तक्रार (सर्व्हरचं एचटीएमएल आणि ब्राउझरमधलं रेंडर जुळत नाही) आली की घड्याळ बघा: सर्व्हर बहुधा यूटीसीवर, ब्राउझर भारतीय वेळेवर, म्हणजे साडेपाच तास पुढे. तारीख छापताना टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट द्या. वॉर्निंग दाबणारा प्रॉप लावून मोकळं होऊ नका.