चांदणी, गव्हाचा गोठा आणि डबाभर कलकल

गहू १४ डिसेंबरला पेरला नाही, तर त्या वर्षी आमच्या नाताळच्या गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, गवत नाही. चांदणी, म्हणजे ताऱ्याचा कंदील, एका रात्रीत उभी करता येते, कलकल, म्हणजे तळलेला गोड खाऊ, दुपारभरात होतात, केक तर विकतही मिळतो. पण गहू त्याच्या वेळेनंच वाढतो. म्हणून नाताळची तयारी मी २४ तारखेपासून उलटी मोजतो आणि तुम्हीही तशीच मोजावी.

मी वसईतला. बत्तीस वर्षं वायरमनची नोकरी केली. वाडीतल्या निम्म्या चांदण्यांना वीज मी जोडली आहे, आणि शेजाऱ्यांच्या गणपतीच्या मखरांनाही. त्यामुळे खाली विजेबद्दल जरा जास्तच बोललो, तर सवयीचा दोष समजा.

आधी गहू. वाण्याकडचा साधा गहू चालतो, पण जुना नको. मूठभर आधी भिजवून मोड येतात का बघा. चांगला निघाला की पाव किलो गहू रात्रभर भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधून एक दिवस ठेवा. पांढरं टोक दिसलं की पेरायचा. पसरट थाळी किंवा मिठाईचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला चार भोकं पाडा, चार-पाच सेंटिमीटर माती आणि शेणखत भरा. दाणे इतके दाट पसरा की माती दिसता कामा नये. वर मातीचा पातळ थर द्या. दोन दिवस पाटी पालथी घालून झाका, मग उजेडात आणा. पाणी हातानं शिंपडायचं, तांब्यानं ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात जाऊन बसतात.

हे सगळं मला शेजारच्या काकूंनी शिकवलं, त्यांच्या घटावरून. नवरात्रात त्यांचं धान्य पिवळं उगवतं, कारण ते अंधारात ठेवलेलं असतं. आपल्याला हिरवं हवं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून खिडकीत. २४ तारखेपर्यंत वीतभराच्या आसपास वाढतं. मी दोन थाळ्या करतो, एक १४ ला आणि एक १८ ला. उंच गवत मागे, बुटकं पुढे, म्हणजे मेंढ्या गवतात बुडत नाहीत.

आता चांदणी. यात मी घाई करणार नाही.

बुरुडाकडून ओल्या बांबूच्या दहा कामट्या आणा. प्रत्येकी ९० सेंटिमीटर लांब, बोटभर रुंद, शक्य तितक्या सारख्या जाडीच्या. शिवाय २० सेंटिमीटरचे पाच तुकडे. कामट्या तासभर पाण्यात ठेवा, म्हणजे वाकताना तडकत नाहीत. कडा काचेच्या तुकड्यानं किंवा पॉलिशपेपरनं घासून घ्या. कूस बोटात शिरली की सण संपेपर्यंत आठवण ठेवते.

पाच कामट्यांचा एक तारा. हात न उचलता पाटीवर तारा काढतो ना, तशाच कामट्या जमिनीवर मांडा, एक वरून, एक खालून अशा विणत. आधी पाच टोकं बांधा, मग आतल्या पाच फुल्या. टोकापासून फुली साधारण ३४ सेंटिमीटरवर येते, दोन फुल्यांमधलं अंतर २१ च्या आसपास. प्रत्येक कामटीवर ३४ आणि ५५ ला पेन्सिलीनं खूण केलीत की तारा वाकडा होत नाही. बांधायला सुती दोरा वापरा. मी वायरमन असून सांगतो, तार नको. तारेचं टोक कुठेतरी बाहेर राहतं आणि नेमका तिथेच कागद फाटतो.

असेच दोन तारे झाले की एकावर एक ठेवा आणि फक्त टोकं एकमेकांना बांधा. मग आतल्या पाचही फुल्यांमध्ये २० सेंटिमीटरचे तुकडे उभे अडकवून दोन्हीकडून बांधा. पहिला तुकडा सहज बसतो, पाचवा बसवताना दोन माणसं लागतात. तो बसला की चपटा तारा एकदम फुगतो. आमच्या घरी हा तुकडा लहान पोरानंच बसवायचा, मोठ्यानं फक्त धरायचं, असा नियम वडिलांपासून आहे.

कागद पतंगी घ्या. डिसेंबरात संक्रांतीच्या पतंगांसाठी तो दुकानात आलेलाच असतो. जिलेटीन चकचकीत दिसतं, पण दिवा थेट डोळ्यात येतो. पतंगी कागदातून उजेड गाळून येतो. सगळ्या बाजू मोजल्यात तर २२ भरतात: वीस त्रिकोण आणि दोन पंचकोन. घाबरू नका. पुढचे, मागचे आणि कडेचे त्रिकोण जवळजवळ एकाच मापाचे निघतात, म्हणून पुठ्ठ्याचा एकच साचा पुरतो. दोन बाजू ३४, तळ २१, सभोवती दीड सेंटिमीटर चिकटवायला. मागचा पंचकोन उघडा ठेवायचा, तिथून दिवा आत जातो.

चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात कालवा, गुठळी मोडा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. वडील त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून. मोरचूद विषारी असतो आणि खळीत बोटं बुडवणारी पोरं घरात आहेत, म्हणून मी तो सोडला. झुरळांनी एखादा कोपरा खाल्ला तर खाऊ दे. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. ओला पतंगी कागद हातातच विरघळतो. वाळला की स्वतःहून ताणला जातो, सुरकुत्या दिसल्या म्हणून लगेच ओढत बसू नका.

दिवा एलईडीचा, ५ किंवा ७ वॅटचा, पिवळसर उजेडाचा. १९९४ साली मी स्वतः ६० वॅटचा जुना बल्ब लावला होता. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, परत आलो तर चांदणीचं एक टोक तपकिरी होऊन धुरकट वास येत होता. वायरमनच्या घरी असं झालं, म्हणून ती गोष्ट अजून दरवर्षी निघते. होल्डर दोऱ्यानं मधोमध बांधा, कुठल्याही बाजूच्या कागदाला टेकू देऊ नका. वायरला सांधा असेल तर तो घराच्या आत ठेवा. आमच्याकडे समुद्र जवळ, पहाटे दव भरपूर पडतं, खळ सैल होते. म्हणून चांदणी पागोळीच्या आत टांगावी, उघड्या बांबूवर नाही. उंच टांगायची हौसच असेल तर प्लास्टिकची विकत आणा, मी काही बोलणार नाही.

गोठा बांधताना हातचं राखून करा. आमचा गोठा म्हणजे फळांची लाकडी पेटी आडवी ठेवलेली, वर भाताचा पेंढा. पूर्वी पेंढा आपल्याच शेतातला असायचा, आता तबेल्यातून मागून आणतो. मागचा डोंगर सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदाचा. कागद झटकून, चुरगाळून, खळीत भिजवून हवा तसा बसवायचा आणि वाळल्यावर गेरू फासायचा. किनाऱ्यावरची वाळू पसरायची असेल तर गव्हाच्या थाळीपासून लांब. एका वर्षी मी ती गव्हाच्या मुळाशी घातली आणि खारट वाळूनं दोन दिवसांत सगळं गवत मान टाकून बसलं. आणि कापसाचा बर्फ नको. आमच्या वाडीत बर्फ कधी पडला?

असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत होतं. बैल आपल्याला परवडणार नाही, गवत परवडतं. गव्हाचा माझा हट्ट तिथून आला.

मूर्तींचा संच दुकानात मिळतो, पण पोरं घरात असतील तर निदान मेंढपाळ आणि जनावरं घरी करा. गणपतीच्या कारखान्यातून किलोभर शाडू आणा. मळून मऊ करा, बोटभर उंचीची चित्रं करा, सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलीत तर तडे जातात. मग पोस्टर कलर. शाडूला बारीक पाय झेपत नाहीत, म्हणून मेंढ्या बसलेल्या करा आणि उंट तर नक्कीच बसलेला. उभा उंट आमच्याकडे आजवर एकही टिकलेला नाही. आत मेणबत्ती लावू नका, पेंढा आहे. एलईडीची छोटी माळ पुरे. मेणबत्त्यांची हौस आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या, चक्रावर भागवा: चार रविवारी चार, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी.

आता कलकल. आमची मंडळी गोव्यातल्या बार्देशची, तिच्या माहेरी यांना किड्यो म्हणतात. लग्नानंतर पहिल्या नाताळाला तिनं माझ्या आईला विचारलं, "किड्यो कधी करायच्या?" आणि आई तिच्याकडे बघतच राहिली. नाव ऐकून दचकू नका, आकारावरून पडलंय.

माप तिचं आहे. अर्धा किलो मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा मीठ. त्यावर ५० ग्रॅम कडकडीत तूप ओता आणि हातानं चोळा. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका झाला पाहिजे. मग नारळाचं दाट दूध घालत मळा. १५० मिलीपासून सुरुवात करा, फार तर २०० लागेल. साखर नंतर पाणी सोडते, म्हणून सुरुवातीला पीठ घट्टच वाटू द्या. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा.

चिंचोक्याएवढ्या गोळ्या करा. काट्याच्या पाठीला तूप लावा, गोळी त्यावर अंगठ्यानं चपटी दाबा आणि टोकापासून गुंडाळत आणा. आमच्याकडे काट्याऐवजी कंगवा. दरवर्षी नवा आणतो, गरम पाण्यात धुतो आणि कलकल झाले की तो मला मिळतो. शेवटची कड नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडते आणि मग त्याला कलकल कोण म्हणणार? तळायची आच मध्यमाहून कमी. बिस्किटाचा रंग आला की काढा, बाहेर काढल्यावर अजून थोडा गडद होतो. वरून साखर हवी असेल तर २०० ग्रॅम साखरेत अर्धी वाटी पाणी घालून दोनतारी पाक करा, त्यात कलकल टाका आणि सुकेपर्यंत ढवळत राहा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ कोंडली की मऊ पडतात.

अर्धा किलोच्या चार-पाचशे गोळ्या होतात. एकट्यानं करायचा हा पदार्थच नाही. २१ तारखेला जेवणानंतर आम्ही जमिनीवर चादर पसरतो, सगळे पुरुष आणि पोरं वळायला बसतात, तळण तिच्या हाती. माझे कलकल जाड होतात असं तिचं म्हणणं आहे. तीस वर्षं झाली, अजून तसेच होतात.

केकबद्दल एवढंच सांगतो: मनुकांमधल्या अर्ध्या काढून त्याजागी सुकेळी घाला. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आमच्याकडची. बारीक चिरून संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा आणि भांड्यात ओतण्याआधी मैद्यात घोळवून घ्या, म्हणजे तळाला बसत नाहीत. दोदोल मात्र घरी करायला जाऊ नका. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास एकाच दिशेनं ढवळायला दंड लागतात, आणि म्हापशाच्या बाजारात तो छान मिळतो.

२४ ला संध्याकाळी ताटं निघतात. करंज्या, कलकल, केकचा तुकडा, नानकटाई, वर क्रोशाचा रुमाल. काकूंकडे पहिलं ताट, कारण दिवाळीला त्यांचं पहिलं ताट आमच्याकडे येतं. शाकाहारी घरांत अंड्याचा केक वेगळ्या वाटीत आणि तसं सांगून द्यायचा. कलकलमध्ये आम्ही अंडं घालत नाही ते याच कारणानं. ताटं पोरांच्या हाती पाठवा. मोठी माणसं गेली की चहाला बसतात आणि दहावं घर मध्यरात्रीपर्यंत होत नाही.

गोठ्यातली गव्हाणी तोवर रिकामी. मिस्साहून परत आल्यावर घरातलं सगळ्यात लहान पोर बाळ येशूला त्यात ठेवतं. ते झोपलेलं असलं तरी उठवायचं, रडलं तरी चालेल. बाळाला भेटायला येणारे तीन राजे मात्र तेव्हा गोठ्यात नसतात. ते टीव्हीच्या कपाटावरून निघतात, रोज वीतभर पुढे सरकतात आणि ६ जानेवारीला पोहोचतात. सरकवायचं विसरलं की दुसऱ्या दिवशी दोन वीत. बसलेला उंटही त्यांच्याबरोबर बसल्या बसल्याच येतो.

६ तारखेनंतर गहू काकूंच्या भाचीच्या शेळीला जातो. चांदणीचा कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोलून काढायचा, सांगाडा सुकवायचा आणि माळ्यावर टांगायचा, जमिनीवर ठेवला तर वाळवी लागते. सध्याचा सांगाडा अकरा वर्षांचा आहे. मधल्या काळात दोन कामट्या बदलल्या आणि खालच्या टोकाचा दोरा यंदा बदलायला झालाय.